दक्षिण समुद्रातील टपोरे धन

नथीतील बसरा मोती बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. इराणच्या आखातातून आलेल्या या मोत्यांनीच मराठी मनातील मोत्याचे माप ठरविले. त्यामुळे चौदा मिलिमीटर व्यासाचा, टपोऱ्या करवंदाएवढा मोती प्रथमच हाती आला की तो खरा असेल यावर विश्वास बसत नाही. ‘दक्षिण समुद्री’ म्हणून ओळखला जाणारा हा मोती खराच असतो. मात्र तो स्वाती नक्षत्राच्या थेंबातून नव्हे, तर माणसाच्या चिकाटीतून जन्मतो.

जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्याच्या आतल्या अंगास चिकटलेला अर्धगोल मोती पिकविला. पूर्ण गोल मोत्याची रीतही पुढे तेथेच सिद्ध झाली. परंतु तेथील अकोया कालव लहान असल्याने त्यात प्रामुख्याने सहा ते आठ मिलिमीटरचेच मोती होतात. तुतिकोरिन येथे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७३ साली गोल मोती पिकविला, तोही याच जातकुळीतील.

मोठ्या मोत्याला घरही मोठेच लागते. ‘पिंक्टाडा मॅक्सिमा’ हे कालव तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. उत्तर ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि म्यानमारच्या उबदार पाण्यात ते आढळते. त्याच्या रुपेरी काठाच्या शिंपल्यातून शुभ्र, तर सोनेरी काठाच्या शिंपल्यातून सोनेरी मोती मिळतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील ब्रूम गावी एके काळी पाणबुडे समुद्रात उतरत ते मोत्यांसाठी नव्हे, शिंपल्यांसाठी. त्यांपासून सदऱ्याची बटणे होत. प्रारंभी या कामी मूळनिवासींना बळाने जुंपले गेले. पुढे जपानी पाणबुडे आले. गावातील जपानी दफनभूमीत सातशेहून अधिक कबरी आहेत. या चकाकीची एवढी किंमत आधीच चुकती झाली होती, हे विसरता येत नाही. प्लॅस्टिकच्या बटणांनी तो धंदा बुडविला आणि १९५६ साली किंबर्ली किनाऱ्यावरील कुरी बे येथे मोत्यांची शेती सुरू झाली.

ही शेती म्हणजे नाजूक शस्त्रक्रियाच. कालव जरासे उघडून त्यात एक गोल मणी आणि दुसऱ्या कालवाच्या आतील पातळ पडद्याचा इवलासा तुकडा ठेवतात. मणी बहुधा अमेरिकेतील मिसिसिपी खोऱ्यातल्या जाड शिंपल्याचा असतो. तुकड्यातील पेशी मण्याभोवती पिशवी विणतात आणि त्यावर थरामागून थर चढवितात. पुढे सुमारे दोन वर्षे जाळीदार चौकटीत कालवे समुद्रात टांगलेली असतात. अंगावर साचणारे शेवाळ व जीवजंतू वरचेवर साफ करावे लागतात. काही कालवे मणी बाहेर टाकतात, काही मरतात, तर कित्येकांचे मोती वेडेवाकडे निघतात. निर्दोष गोल मोती थोडेच. सुदृढ कालवात दुसऱ्यांदा अधिक मोठा मणी घालता येतो.

दोन वर्षे भांडवल पाण्यात, तेही शब्दशः! वादळाचे भय वेगळेच. २००६ साली एक्समाउथ आखातात रोगाने असंख्य कालवे दगावली आणि २००८ च्या जागतिक मंदीने मोत्यांचे भाव कोसळले.

तरीही या मोत्याची मोहिनी ओसरत नाही. थर जाड असल्याने जवाहिरे ज्याला ‘पाणी’ म्हणतात ते यात आतून उमटल्यासारखे दिसते. अकोयाची झळाळी आरशासारखी, याची मऊ रेशमासारखी. एकाच आकाराच्या व छटेच्या मोत्यांचा सर जुळवायला मात्र वर्षे लागू शकतात.

खरेदी करताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे; सोनेरी मोती रंगविलेलाही असू शकतो. अत्तर लावून झाल्यावरच मोती घालावेत आणि उतरविल्यावर मऊ कापडाने पुसावेत. सर ओवताना प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ मारून घ्यावी. दोरा तुटला तरी फार तर एकच मोती निसटतो.