लघु, हलके आणि लाघव : छोट्या स्पोर्ट्स मोटारीचा विचार

१

संस्कृतातील ‘लघु’ या शब्दाला वजनाने कमी आणि गतीने चपळ असे दोन्ही अर्थ आहेत. प्राकृतात वर्णविपर्यय होऊन ‘लघुक’चे ‘हलुअ’ झाले, आणि मराठीतील ‘हलका’ व ‘हळू’ हे दोन्ही शब्द त्याच कुळातले होत. जुन्या मराठीत ‘हळु’ हा शब्द हलका या अर्थानेही येत असे. पुढे तो क्रियाविशेषण म्हणून स्थिरावला आणि त्याचा अर्थ ‘सावकाश’ असा झाला. मूळ शब्दात त्वरेचा जो भाव होता, त्याच्या अगदी उलट टोकाला त्याचा वंशज अशा रीतीने जाऊन बसला.

‘हलका’ या शब्दाच्या वाट्यास निराळेच दैव आले. हलक्या प्रतीचा माल, हलक्या कानाचा मनुष्य, हलके काम या प्रयोगांत वजनाचा उणेपणा हा मोलाचा उणेपणा ठरतो. याउलट कापड भारी असते, व्यक्तिमत्त्व भारदस्त असते आणि पुढाऱ्याचे वजन असते. ‘गुरु’ म्हणजे जड आणि पूज्यही. त्यापासूनच ‘गौरव’ हा शब्द झाला. भाषेच्या या तराजूत जड पारडे नेहमी प्रतिष्ठेचे असते. तथापि ‘लघु’पासून ‘लाघव’ हाही शब्द निघाला आहे. हस्तलाघव म्हणजे हाताचे कौशल्य. वैयाकरणांना सूत्रातील अर्ध्या मात्रेच्या लाघवाचे किती कौतुक असते, हे अभ्यासकांना सांगावयास नको. सारांश, आपल्या परंपरेत जडपणाचा गौरव आहे आणि हलकेपणाचे कौशल्यही आहे. यांपैकी पहिली जाणीव व्यवहारात रूढ राहिली आणि दुसरी शास्त्रापुरती व कलेपुरती उरली.

मोटारगाडीची निवड हा या दोन जाणिवांच्या संघर्षाचा एक चांगला नमुना होय. गाडी घ्यावयास गेलेला मनुष्य दार लावून पाहतो आणि जड, घुमा आवाज आला की समाधान पावतो. पत्रा पातळ वाटला की त्याचे मन शंकित होते. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेतील (आजच्या छत्रपती संभाजीनगरातील) उद्योजक व व्यावसायिकांच्या एका गटाने एकदम १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी खरेदी केल्या, आणि त्या घटनेची चर्चा देशभर झाली. तो शहराच्या औद्योगिक भरभराटीचा गौरव होता. ‘गौरव’ हा शब्द येथे आपल्या व्युत्पत्तीसह लागू पडतो. अशा शहरात एखाद्याने छोटी, दोन आसनांची, वजनाने हलकी स्पोर्ट्स मोटार निवडावयाचे ठरविले, तर तो नेमके काय निवडतो, आणि त्या निवडीची कोणती किंमत त्यास मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

मोटार वेगवान करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे इंजिनाची शक्ती वाढविणे, आणि दुसरा म्हणजे तिचे वजन घटविणे. सरळ रस्त्यावर वेग घेण्यापुरते पाहिले, तर दोहोंचे फळ सारखेच भासते. परंतु मोटार केवळ वेग घेत नाही. ती थांबते आणि वळते. शक्ती वाढविल्याने या दोन क्रियांना काही साहाय्य होत नाही. वजन घटविल्याने मात्र तिन्ही क्रिया सुधारतात.

घाटाचे उदाहरण घेऊ. चालकासह ८०० किलो वजनाची मोटार १०० मीटर उंची उतरते तेव्हा तिच्या स्थितिज ऊर्जेतील सुमारे ७८५ किलोज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. १८०० किलोच्या मोटारीच्या बाबतीत हाच आकडा सुमारे १७६६ किलोज्यूल होतो. यातील काही भाग इंजिन व हवेचा विरोध शोषून घेतात, उरलेला ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठतो. म्हणून हलक्या मोटारीस लहान ब्रेक पुरतात. लहान ब्रेकला लहान चाक पुरते. लहान चाकाला हलके सस्पेन्शन पुरते. आणि हे सर्व पेलणारा सांगाडाही हलका करता येतो. एका ठिकाणची बचत दुसऱ्या बचतीला जन्म देते. सूत्रकाराच्या लाघवाशी याचे साम्य उघड आहे. एक पद वगळता आले की त्याच्या आधाराने पुढील सूत्रेही आखूड होत जातात.

वळणावरही हेच घडते. टायरवरील भार दुप्पट केला, तर त्याची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. त्यामुळे जड मोटारीस रुंद टायर लावूनही तिची वळणातील तूट पुरी भरून निघत नाही. शिवाय आखूड व हलक्या गाडीचा वळण्यास होणारा विरोध कमी असल्याने स्टिअरिंग फिरविणे आणि गाडी वळणे यांतील अंतर जवळजवळ नाहीसे होते. स्पोर्ट्स मोटारीचा आनंद म्हणतात तो मुख्यतः याच ठिकाणी असतो. ६० किलोमीटरच्या वेगातही तो मिळतो. त्यासाठी कायदा मोडावा लागत नाही.

या विचाराची परंपरा इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हनपासून (१९५७) स्पष्ट दिसते. १९९६ च्या लोटस एलिसचे वजन सुमारे ७२५ किलो आणि इंजिन ११८ अश्वशक्तीचे होते. १९८९ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार आणली. तिचे वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास होते. तिच्या रचनाकारांनी ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा यांचे एकशरीर होणे, हा जपानी शब्दप्रयोग आदर्श म्हणून पुढे ठेवला.

दख्खनच्या वाचकास ही कल्पना परकी वाटू नये. १६१० मध्ये खडकी हे नगर वसविणाऱ्या मलिक अंबरने, म्हणजे या शहराच्या संस्थापकानेच, मोगलांच्या जड लष्कराशी हलक्या घोडदळाच्या साहाय्याने झुंज दिली. भीमथडीची तट्टे आकाराने लहान, काटक आणि डोंगराळ मुलुखात चपळ म्हणून नावाजलेली होती. सरळ मैदानावर जो अवजड सरंजाम प्रतापी दिसे, तोच घाटात अडचणीचा ठरे. हलकेपणाचे मोल भूमीच्या स्वरूपावर अवलंबून असते, हा या इतिहासाचा धडा मोटारीलाही लागू आहे. समृद्धी महामार्गाच्या सरळ, रुंद पट्ट्यावर हलक्या मोटारीस दाखविण्यासारखे काही नसते. दौलताबादहून खुलताबादकडे चढणाऱ्या रस्त्यावर मात्र ती आपले गुण प्रकट करते.

३

हलक्या स्पोर्ट्स मोटारीचा एक प्रयोग आपल्या शेजारीच, गोव्यात, झाला होता. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार आणली. तिचे कवच फायबरग्लासचे होते आणि इंजिन रेनोचे, ११४९ घन सेंटिमीटरचे व सुमारे ६० अश्वशक्तीचे. रेसच्या मैदानावर ही शक्ती क्षुल्लक म्हणावी लागेल. पण छोट्या, हलक्या गाडीस रस्त्यावर खेळती ठेवण्यास ती पुरेशी होती.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत फायबरग्लासची निवड सयुक्तिक होती. हा पदार्थ गंजत नाही, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या त्याच्याच बनत असल्याने तो सांधणारे कारागीर तेथे दुर्मिळ नाहीत. इंजिनाची गोष्ट वेगळी होती. युरोपात रेनोच्या ट्विंगो, क्लिओ या छोट्या गाड्यांत ते सर्रास वापरले जाई. भारतात मात्र त्या गाड्या विकल्या जात नव्हत्या. परिणामी, परदेशात जो भाग कोणत्याही दुकानात मिळावा, तो येथे दुर्लभ ठरला.

ही मोटार रस्त्यावर क्वचितच दिसली, आणि आता तिचे उत्पादन होत नाही. कुटुंबासाठी चार आसने, सामानासाठी जागा आणि पैशाला भरपूर पत्रा, या मापांनी मोजणाऱ्या बाजारात ती सर्वच मापांत उणी पडावी, यात नवल नाही. ज्या एका मापात ती भरली असती, ते माप बाजारात प्रचलितच नव्हते.

४

आज निवड करू पाहणाऱ्यापुढे मार्ग थोडे आहेत. माझदाची ही मोटार भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. लोटस एलिसचे उत्पादन २०२१ मध्ये संपले. स्वतंत्रपणे आयात करावी, तर शुल्कामुळे किंमत फार वाढते. नव्या स्पोर्ट्स मोटारी उपलब्ध आहेत, पण त्या हलक्या नाहीत. जुलै २०२५ मध्ये भारतात आलेली विजेवरील एमजी सायबरस्टर हे याचे बोलके उदाहरण. ५१० अश्वशक्तीच्या बळावर ती डोळे दिपविणारा वेग घेते, पण तिचे वजन दोन टनांच्या आसपास आहे. याच नाममुद्रेची १९६१ ची मिजेट त्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी भरत असे. तेव्हा ‘स्पोर्ट्स’ या विशेषणावरून ‘हलकी’ हे विशेषण गृहीत धरता येत नाही. दोहोंची परीक्षा स्वतंत्रपणे केली पाहिजे.

जुनी मोटार घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सांगाडा. फायबरग्लासचे कवच चकचकीत असले तरी त्याखालचे पोलाद गंजलेले असू शकते, आणि कवचच ते दृष्टीआड करते. एलिससारख्या गाडीत ॲल्युमिनियमचा सांगाडा चिकटद्रव्याने जोडलेला असतो. अपघातात तो वाकला असेल तर सरळ करण्यापेक्षा बदलणेच भाग पडते. दुसरी, इंजिन व गिअरपेटी यांचे कुळ. जे इंजिन आपल्या देशातील एखाद्या सामान्य गाडीत वापरले गेले आहे, ते थोडे दुबळे असले तरी श्रेयस्कर. तिसरी, कागदपत्रे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते. तेव्हा आयातीचे व शुल्काचे दाखले पूर्ण नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी महाग पडते.

या बाबतीत संभाजीनगरास एक अनुकूलता आहे. वाळूजला बजाजचा आणि शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना असून त्यांच्याभोवती सुटे भाग बनविणाऱ्या अनेक उद्योगांचा विस्तार झाला आहे. एखादी बुश किंवा ब्रॅकेट नमुन्यावरून घडवून घेणे अशा शहरात अशक्य नाही. अर्थात हे साध्या यांत्रिक भागांपुरते खरे. इंजिनाचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी कोणत्याही लेथवर निघत नाही.

५

प्रत्यक्ष सहवासाचा प्रश्न गतिरोधकापासून सुरू होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २.२६५ मीटर असलेली, म्हणजे पहिल्या एमएक्स-५ एवढी गाडी त्याच्या मध्यावर आली, तर दोन चाकांच्या दरम्यान रस्त्याची कमान ४ सेंटिमीटरहून कमी वर येते. पोटाखाली १३ सेंटिमीटर जागा असलेली मोटार तो सहज ओलांडते. उलट चाकांतील अंतर जितके अधिक, तितकी ही कमान उंच होते. परंतु हाताने रचलेला, अरुंद आणि १५ सेंटिमीटर उंचीचा सिमेंटचा वरंबा समोर आला, की हे गणित संपते, कारण त्याची पूर्ण उंची चाकांच्या मध्ये सापडते. रस्त्यांची ओळख करून घेणे आणि प्रसंगी दूरचा मार्ग पत्करणे, हे अशा गाडीच्या मालकाचे पहिले व्रत होय.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. कापडी टप उन्हाने कडक होते, पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडते आणि रबराच्या पट्ट्या आक्रसतात. त्याचा प्रत्यय पहिल्या पावसात येतो. २०२५ पासून पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाडीच्या इंधननळ्या व सील त्यासाठी बनविलेले नसल्याने ते वेळीच बदलून घ्यावेत. गाडी दीर्घकाळ उभी ठेवणे हे तर सर्वांत घातक. आठवड्यातून एकदा पहाटे तिला फिरविणे हा छंदाचा नव्हे, देखभालीचा भाग समजावा.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे, आणि हलकेपणाच्या चाहत्यांनी तो झाकू नये. ८०० किलोची मोटार १६०० किलोच्या मोटारीवर समोरून आदळली, तर संवेगाच्या नियमाने हलक्या गाडीच्या वेगात होणारा बदल जड गाडीच्या दुप्पट असतो, आणि आतील माणसास होणारी इजा बव्हंशी या बदलावर अवलंबून असते. अनेक जुन्या हलक्या मोटारींत एअरबॅगही नाहीत. बसकी गाडी ट्रकचालकाच्या दृष्टीस सहज पडत नाही. दिवे नसलेली उसाची ट्रॉली रात्री तिच्या चालकाच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. अपघात टाळण्याची क्षमता हलक्या गाडीत अधिक, अपघात सोसण्याची कमी. म्हणून ती घरातील एकुलती एक गाडी असू नये, आणि रात्रीच्या महामार्गावर ती नेऊ नये.

६

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिरास घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा बाळगी आणि त्याच्या दाणापाण्याची चिंता स्वतःच वाही. सर्वत्र विक्रीस असलेल्या मोटारीचा मालक एका अर्थी बारगीर असतो. तिच्या निगेची व्यवस्था कंपनीने आधीच करून ठेवलेली असते. छोट्या स्पोर्ट्स मोटारीच्या मालकास शिलेदारच व्हावे लागते. ज्यास गौरव हवा आहे, त्याने भारी गाडी घ्यावी. त्यात गैर काही नाही. ज्यास लाघव हवे आहे, त्याने हलकी घ्यावी, पण लाघव हे वस्तूत आयते मिळत नाही, ते वापरणाऱ्याच्या हातातही असावे लागते, हे ओळखून घ्यावी. ‘लघु’ या शब्दाने ‘हळू’पर्यंत केलेला प्रवासही तेव्हा निरर्थक वाटणार नाही, कारण घाटात चपळ असणारी ही गाडी शहरातील प्रत्येक वरंब्यावर मालकास हळूच न्यावी लागते.