निष्क्रमणाऐवजी प्रवेश : रुग्णालयातून घरी येणाऱ्या अर्भकाचे स्वागत

जन्मविषयक संस्कारांचा विचार करताना एका साध्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. हे सर्व संस्कार, मूल घरातच जन्मले आहे, असे गृहीत धरून रचलेले आहेत. मनुस्मृतीने चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे मुलाला प्रथमच घराबाहेर नेण्याचा विधी, सांगितला आहे. मुलाला प्रथमच घरात आणण्याचा संस्कार मात्र कोठे सांगितलेला नाही. कारण त्याची गरजच नव्हती. मूल घरातच असे, आणि जगाची ओळख त्याला उंबरठ्याबाहेर पडून होत असे.

आज हा क्रम उलटला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत भारतातील सुमारे एक चतुर्थांश बाळंतपणे आरोग्यसंस्थांत झाल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण शेकडा ८८·६ पर्यंत पोहोचले आणि महाराष्ट्रात ते शेकडा ९४·७ होते. म्हणजे बहुतेक मुले आता घराबाहेर जन्मतात आणि नंतर घरी येतात. बाळंतपण सुलभ असेल तर हा फरक जाणवत नाही. दोन-तीन दिवसांत मायलेकरे परततात आणि विधींचे दिवस हुकत नाहीत. परंतु बाळंतपण अवघड झाले, शस्त्रक्रिया करावी लागली किंवा अपुऱ्या दिवसांच्या मुलाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, की जन्म आणि गृहप्रवेश यांत आठवड्यांचे अंतर पडते. अशा वेळी स्वागताचे विधी कशापासून मोजावयाचे, हा प्रश्न उत्पन्न होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रथम जुनी दिवसगणना लक्षात घेतली पाहिजे. महाराष्ट्रात पाचव्या दिवशी पाचवी व सहाव्या दिवशी सटवीचे पूजन करतात. त्या रात्री सटवाई येऊन मुलाचे ललाटलेखन करते, अशी समजूत असल्याने पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवतात, आणि घरातील बायका रात्र जागवितात. काशीनाथ उपाध्याय यांच्या धर्मसिंधूतही पाचव्या-सहाव्या दिवसाच्या या पूजनाचे विधान आहे. जननाशौच, म्हणजे सोयर, दहा दिवसांचे. त्यानंतर बाराव्या वा तेराव्या दिवशी बारसे होते, आणि बाळंतिणीचा एकांत सव्वा महिन्याने संपतो. या क्रमात मुलाभोवतीचे वर्तुळ एकेक पायरीने रुंदावत जाते. प्रथम आई व सुईण, मग घरातील बायका, त्यानंतर सोयरेधायरे आणि शेवटी शेजारपाजार. प्रत्येक पायरी म्हणजे मूल जगेल या विश्वासाची एकेक वाढ होय.

हा विश्वास कष्टाने मिळत असे. नवजात अर्भकाला होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान प्रकट होतो. षष्ठीपूजनाचा उगम या रोगात आहे, असे विधान करणे धाडसाचे होईल. तथापि जागरणाची रात्र नेमकी त्या धोक्याच्या काळात पडते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. सटवीची भीती ओसरण्यास या घटनेचाही काही हातभार लागला असणे शक्य आहे.

अवघड बाळंतपण परंपरेला अपरिचित होते असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे निदान व चिकित्सा यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. जन्मतः निश्चेष्ट असलेल्या मुलाच्या कानाशी दगडावर दगड आपटावा, तोंडावर थंड वा कोमट पाणी शिंपडावे, सुपाने वारा घालावा, असे उपाय चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहेत. परंतु हे सारे सूतिकागृहात, आईच्या जवळ घडत असे. मूल एका ठिकाणी आणि आई दुसऱ्या ठिकाणी, ही स्थिती या ग्रंथांच्या कल्पनेत नव्हती.

आधुनिक रुग्णालयात हीच स्थिती वारंवार येते. आई शस्त्रक्रियेनंतर प्रसूतिकक्षात असते आणि मूल काचेच्या पेटीत. सहाव्या रात्री जागणारी व्यक्ती घरातील आजी नसते, तर पाळीवरील परिचारिका असते. पेटीवरील चिठ्ठीत मुलाची ओळख ‘अमुक हिचे बाळ’ अशी आईच्या नावानेच दिलेली असते. बारशाचा दिवस येऊन जातो आणि मूल निनावीच राहते.

या अडचणीतून कुटुंबे दोन वाटा काढतात. पहिली तिथी राखण्याची : मुलाच्या अनुपस्थितीत घरीच सटवीची पूजा उरकावयाची. दुसरी तिथी पुढे ढकलण्याची : मायलेकरे घरी आल्यावर सोयीने बारसे करावयाचे. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांच्या मनात आपण काही चुकलो अशी रुखरुख पुष्कळदा राहते. वास्तविक तिला शास्त्राचा आधार नाही. गोभिलगृह्यसूत्राने नामकरणासाठी दहा रात्रींनंतर, शंभर रात्रींनंतर किंवा वर्षानंतर, असे तीन काल दिले आहेत. मनूनेही दहावा वा बारावा दिवस सांगून शुभ तिथी-नक्षत्राचा पर्याय ठेवला आहे. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याची भूमिका याहून वेगळी नाही. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि नाव पुढे भरता येते. जन्म ही एक घटना आणि नाम ही दुसरी, हा भेद गृह्यसूत्रकारांनी व आधुनिक कायद्याने सारखाच मान्य केला आहे.

या दोन वाटांबरोबर एक तिसरी गोष्टही घडते आणि विधींच्या अभ्यासकाला ती अधिक महत्त्वाची वाटावी. मूल घरी येते तेव्हा उंबरठ्याबाहेर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, औक्षण करतात आणि मग आत घेतात. हा आचार नवा नाही. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने लेकुरवाळी सून सासरी परतली की तिचे स्वागत याच रीतीने होई. या विधीला पुरोहित लागत नाही, मंत्र लागत नाही, मुहूर्तही लागत नाही. तो बायकांच्या हातचा असल्यामुळेच लवचिक राहिला, आणि रुग्णालयाने निर्माण केलेली पोकळी त्याने भरून काढली. संस्कारग्रंथांत नसलेला ‘प्रवेश’ हा संस्कार अशा रीतीने लोकाचाराने पुरविला आहे.

तथापि येथेच एक धोका आहे. मूल अनेक आठवड्यांनी घरी आले की आनंदाला भरती येते. त्याच दिवशी आप्तेष्ट जमतात, मूल हातोहात फिरते, घुटी वा मध चाटविला जातो, धुरी दिली जाते. पूर्वी जे वर्तुळ बारा दिवसांत व पुढे सव्वा महिन्यात रुंदावत असे, ते एका दुपारी पूर्ण होते. जुन्या एकांताला अशौचाचे नाव होते आणि त्यातील स्पर्शास्पर्शाच्या कल्पना आज स्वीकारार्ह नाहीत. परंतु बाळंतिणीला विसावा आणि मुलाला गर्दीपासून संरक्षण हे त्याचे फळ होते. कमी वजनाच्या मुलाला संसर्गाचे भय घरी आल्यावरही उरते. मध-तुपाचे प्राशन जातकर्मात सांगितले असले तरी पहिल्या वर्षात मध देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. तात्पर्य, विधी पुढे ढकलण्यात हानी नाही. हानी आहे ती सर्व पायऱ्या एकदम ओलांडण्यात. मुलाच्या घरी येण्याचा दिवस हाच पहिला मानून तेथून वर्तुळ हळूहळू रुंदावत नेणे, हे परंपरेच्या आशयाशी अधिक सुसंगत ठरेल.

याला समांतर अशी एक आधुनिक दिवसगणनाही आज अस्तित्वात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बालसेवा दिली. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हीच पद्धत २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आली. रुग्णालयात जन्मलेल्या मुलासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा व बेचाळिसावा असे भेटींचे सहा दिवस ठरलेले आहेत. पाचवी, सटवी, बारसे आणि सव्वा महिना यांच्याशी हे दिवस तंतोतंत जुळत नाहीत. पण पायरीपायरीने विश्वास वाढविण्याचे तत्त्व दोहोंत एकच आहे.

या सर्व विवेचनात आईचे स्थान विसरून चालणार नाही. घरी येते ते एकटे मूल नव्हे. अवघड बाळंतपणातून उठलेली, कित्येक दिवस मुलाला जवळ घेऊ न शकलेली स्त्रीही त्याच उंबरठ्यावर उभी असते. ‘मूल सुखरूप आले, आता काय हवे?’ या प्रश्नात तिच्या वेदनेला व मनाच्या खिन्नतेला जागा उरत नाही. जुन्या आचारात ही जागा होती. बाळंतविडा दोघांसाठी येई. शेक, मालिश, अळीव व डिंकाचे लाडू ही सारी व्यवस्था तिची होती. म्हणूनच उंबरठ्यावर दोघांनाही ओवाळण्याच्या रीतीत मोठा अर्थ आहे.

येथे वैद्यकाचा अलीकडचा अनुभवही उद्बोधक आहे. काचेच्या पेट्यांचा तुटवडा व संसर्ग यांवर उपाय म्हणून १९७८ च्या सुमारास बोगोटा येथे अपुऱ्या दिवसांचे मूल आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू झाली. तिला कांगारू मातृसेवा म्हणतात. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केल्यास मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. यावरून असे म्हणता येईल की, मुलाचा खरा प्रथम प्रवेश घराच्या दारात होत नाही. तो रुग्णालयातच, आईच्या कुशीत होतो. उंबरठ्यावरील भाकरतुकडा ही त्या प्रवेशाला समाजाने दिलेली पोच होय.

जन्म हा शरीराचा आणि आगमन हा समाजाचा व्यवहार. घर हेच सूतिकागृह होते तोवर दोन्ही एकाच तिथीला घडत आणि त्यांतील भेद झाकला जाई. रुग्णालयाने तो उघड केला, इतकेच. या भेदामुळे परंपरा मोडली असे मानण्याचे कारण नाही. कोणत्या दिवशी, यापेक्षा कोणत्या क्रमाने आणि कोणाला सांभाळून, हा तिचा मूळ प्रश्न होता. तो आजही तसाच कायम आहे.