*विळा लोहाराकडून करून घेताना*

बोथट विळ्याने सोयाबीन कापताना झाडाला हिसका बसतो, वाळलेल्या शेंगा तडकतात, दाणे रानातच पडतात. म्हणून काढणीआधीच विळे करून घ्या.

✅ चांगला लोहार कोण, हे ऊसतोड मुकादमाला विचारा.
✅ ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचाच विळा सांगा. साधं लोखंड लवकर बोथटतं.
✅ कानस फिरवून बघा. पाठीपेक्षा धारेवर जास्त घसरली, तर पाणी नीट दिलंय.
✅ आधी एकच घ्या, दिवसभर वापरा. पटला तर चार-पाच जण मिळून ऑर्डर द्या, भाव परवडतो.

⚠️ ग्राइंडरवर धार निळी पडली की पाणी उतरलं समजा. बोथटला तर लोहाराकडूनच शेवटून घ्या.