टायर आधी, रिम नंतर

स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की चाकांचा विषय निघतोच, आणि बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो : "माझ्या गाडीला १७ इंची बसेल का?" बसण्याचं म्हणाल, तर जागा करून बरंच काही बसवता येतं. पण बसवल्यावर गाडी आधीपेक्षा चांगली चालेल का? भर पावसात, वळणावर, ताशी ८० च्या वेगात ती तुमचं ऐकेल का? एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन या सगळ्यांची भिस्त अशा चार तळहातांवर आहे. म्हणून आज चाकाचं माप कसं ठरवायचं, ते आकडे मांडून बघू.

उदाहरणाला माझदाची पहिली एमएक्स-५ घेऊ. हिलाच मियाटा म्हणतात. १९८९ साली आलेली ही दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. आपल्या रस्त्यांवर ती सहसा दिसत नाही, पण तिचे आकडे सोपे आहेत आणि जगभरच्या मालकांनी तिला नाना मापांची चाकं लावून पाहिली आहेत. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेंगळुरूला, तुमच्या गाडीचा हिशोबही याच रीतीने होतो.

मियाटाचं कंपनीचं माप आहे १८५/६० आर १४. यात १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, तर रुंदीच्या टक्क्यांत. १८५ चे ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत. आता पूर्ण चाकाचा व्यास काढू. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळून २२२. बेरीज ५७७.६. हा आकडा वहीत लिहून ठेवा. गाडीचे गिअर, स्पीडोमीटर, मडगार्डमधली जागा, सगळं या व्यासावर बेतलेलं असतं.

आता रिम १५ इंची करू. टायर १९५/५० आर १५ घेतला, तर व्यास येतो ५७६. फरक दीड मिलिमीटरचा, अर्धा टक्काही नाही. रिम एका इंचाने वाढलं, भिंत तेवढी उतरली, एकूण उंची जिथल्या तिथे. मियाटाच्या मालकांमध्ये हे माप इतकं रुळलंय, त्याचं हे एक मोठं कारण. १७ इंची हवंय? २०५/४० आर १७ चा व्यास ५९५.८ होतो, म्हणजे मूळ मापाहून ३ टक्क्यांपेक्षा जास्त. स्पीडोमीटर आधी जे दाखवत होता त्यापेक्षा तेवढंच कमी दाखवू लागतो. गिअर लांबल्यासारखे होतात आणि गाडीची उचल मंदावते. शक्यतो फरक २ टक्क्यांच्या आत ठेवा, ३ च्या पुढे जाऊच नका.

शिवाय, रिम मोठं झालं की सहसा जडही होतं. हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं आणि फिरत असतं. खड्ड्यावरून गेल्यावर जड चाकाला पुन्हा रस्त्याला टेकायला वेळ लागतो, आणि जे चाक टेकलेलं नाही, ते ना वळवू शकतं ना थांबवू शकतं. भिंत बुटकी झाली की स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो, हे खरं. पण खड्ड्याचा दणका झेलायला रबर कमी उरतं, आणि तो थेट रिमवर येतो. रिम वाकतं, किंवा टायरच्या भिंतीला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. म्हणून साधा नियम असा : ब्रेकचे कॅलिपर आत मोकळे राहतील आणि चांगला टायर ज्या मापात मिळेल, असं सगळ्यांत लहान रिम घ्या. १४ इंचांत स्पोर्ट्स टायर फार थोडे मिळतात, १५ इंचांत भरपूर. मियाटाला १५ घ्यायचं ते यासाठी.

पुढे रिमची रुंदी आणि ऑफसेट. प्रत्येक टायरला किती रुंदीचं रिम चालतं ते कंपनीने ठरवून दिलेलं असतं. १९५/५० आर १५ ला साडेपाच ते सात इंच. ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर. मियाटाचं मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५. तुम्ही सात इंची रिम ३५ ऑफसेटचं घेतलंत, असं धरू. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली, प्रत्येक बाजूला १९. ऑफसेट १० ने घटला, म्हणून सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. आतल्या बाजूला वाढ झाली ९ ची, बाहेरच्या बाजूला २९ ची. आत सस्पेन्शनशी ९ मिलिमीटर जागा मोकळी आहे का? बाहेर मडगार्डच्या कडेला २९ आहे का? रिमचे पैसे मोजायच्या आधी पट्टी घेऊन हे मोजा. चाक फार बाहेर गेलं की स्टिअरिंग खेचू लागतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो.

बोल्टची मांडणी तंतोतंत जुळायलाच हवी. मियाटाला चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं. बाजारातल्या रिमचं भोक बहुतेक वेळा मोठं असतं. त्यासाठी मापाची हब-रिंग मिळते, ती बसवून घ्या, नाहीतर चाक नेमकं मध्यावर न बसून वेगात थरथरू शकतं.

मापानंतर टायरवर आणखी एक आकडा आणि एक अक्षर असतं, समजा ८२ व्ही. ८२ म्हणजे एका टायरची भार पेलण्याची क्षमता ४७५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०. कंपनीने दिलेल्यापेक्षा यातलं काहीही कमी चालणार नाही, टायरवाला कितीही म्हणाला तरी.

आणि रुंदी? रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे अर्धंच खरं. हलक्या गाडीवर फार रुंद टायर लावला तर तो लवकर तापत नाही, आणि पावसात पाण्यावर आधी तरंगू लागतो. पकडीचा मोठा भाग रबराच्या मिश्रणातून येतो. टोयोटाने २०१२ साली ८६ ही स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा तिला २१५/४५ आर १७ मापाचे साधे, मोठ्या पकडीसाठी प्रसिद्ध नसलेले मिशलिन प्रायमसी टायर दिले. गाडी कमी वेगातही खेळकर वाटावी, हा हेतू. त्याच मापात चांगला स्पोर्ट्स टायर चढवला, की रिम न बदलता त्याच गाडीची पकड वाढते.

पुढे-मागे वेगळी मापं असतील तर ती उगाच नसतात. लोटस एलिसच्या दुसऱ्या पिढीला पुढे १७५/५५ आर १६, मागे २२५/४५ आर १७. इंजिन मागच्या बाजूला, म्हणून जास्त भार आणि सगळी ताकद मागे. दिसायला शोभतं म्हणून पुढे रुंद टायर चढवले, तर वळणावर शेपूट आधी सुटेल.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी टायर निवडा, मग त्याला आणि ब्रेकला जुळणारं लहानात लहान रिम, मग व्यास, ऑफसेट आणि भार यांचा हिशोब. चाकं बसल्यावर डिकीत सामान, गाडीत दोन माणसं घ्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे घासतंय का ते बघा. नट आडव्या-उभ्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पुढच्या भागात बोलू हवेच्या दाबाबद्दल, कारण नेमकं निवडलेलं मापही चुकीच्या दाबावर वाया जातं.