पासपोर्टचा फोटो : स्टुडिओत जाण्याआधी

पासपोर्टची अपॉइंटमेंट मिळाली, की मंडळी आधी फोटो स्टुडिओ गाठतात. केस विंचरून, पावडर लावून आठ प्रती काढून आणतात आणि पासपोर्ट सेवा केंद्रात त्या पाकिटाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही! पुणे असो वा नागपूर, मोठ्या माणसाचा फोटो तिथल्या ‘ए’ काउंटरवरच काढतात. बोटांचे ठसेही तिथेच घेतात.

अपवाद चार वर्षांखालच्या मुलांचा. त्यांचा साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरूनच न्यावा लागतो आणि खरी कसरत इथेच असते. बाळाला मांडीवर घेऊन मागे पांढरं कापड धरलं, की आईची बोटं नाहीतर बांगड्या हमखास चौकटीत येतात. फोटोत बाळाखेरीज कुणीच दिसता कामा नये. त्यापेक्षा गादीवर पांढरी चादर ताणून अंथरावी, बाळाला उताणं निजवावं आणि वरून फोटो घ्यावा. मोबाइल धरणाऱ्याची सावली तेवढी बाळाच्या तोंडावर पडू देऊ नये. खिडकीतला उजेड बरा, फ्लॅश नको.

स्टुडिओतला फोटो कामी येतो तो व्हिसासाठी किंवा परदेशातल्या भारतीय दूतावासात अर्ज करताना. पण ‘पासपोर्ट साइज’ म्हणजे सगळीकडे एकच माप, असं धरून चालणारे तिथे फसतात. अमेरिकेला २ बाय २ इंचांचा चौकोनी फोटो लागतो, शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, तर कॅनडाच्या पासपोर्टला ५० बाय ७०. बरं, कागद मापात कापला म्हणून भागत नाही. अमेरिकेच्या फोटोत हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचं अंतर २५ ते ३५ मिलिमीटरच हवं.

न हसण्याचा नियम काही साहेबी खडूसपणातून आलेला नाही. ई-पासपोर्टच्या चिपमध्ये चेहऱ्याची प्रतिमा असते आणि विमानतळावरचं यंत्र ती समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहतं. माणूस खळखळून हसला, की गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, ओठांचे कोपरे लांब जातात. मग जुळणी अवघड होते. तरी अमेरिकी पासपोर्टच्या फोटोत तोंड मिटलेलं आणि डोळे नीट उघडे असतील, तर हलकं स्मित चालतं.

नेहमीचा चष्मा फोटोतही हवाच, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेने मात्र १ नोव्हेंबर २०१६ पासून पासपोर्ट आणि व्हिसा दोन्हींच्या फोटोंत चष्म्याला मनाई केली आहे. अगदी वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांच्या सहीचं पत्र जोडावं लागतं. याउलट धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, फक्त कपाळ, हनुवटी आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसायला हव्यात.

राहता राहिला फोटोवाल्यांचा हौशी हात. न सांगता रंग उजळायचा, सुरकुत्या पुसायच्या, ही त्यांची जुनी खोड. अमेरिकेच्या नियमांत तर सॉफ्टवेअर, फिल्टर किंवा एआय वापरून चेहरा बदलायला स्पष्ट बंदी आहे. तेव्हा त्याने माउस हातात घेण्याआधीच ‘तीळ आहे तिथेच राहू द्या’ असं बजावलेलं बरं.