पेंग्विनला स्वेटर कशाला?

लोकरीचा चिमुकला स्वेटर घातलेल्या पेंग्विनचे छायाचित्र तुम्ही कदाचित पाहिले असेल. वर्गात ते दाखवले की मुले आधी हसतात आणि मग विचारतात, “थंड पाण्यात राहणाऱ्या पक्ष्याला स्वेटर कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना पिसांची रचना, उष्णतेचे वहन आणि थोडे भूमितीचे गणित करावे लागते. शिवाय प्राण्यांना मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचाही विचार करावा लागतो.

हे स्वेटर प्रसिद्ध झाले ते ऑस्ट्रेलियातील फिलिप बेटामुळे. मेलबर्नपासून सुमारे १४० किलोमीटरवरील या बेटावर १९९६ साली निसर्ग उद्यान स्थापन झाले. येथील पेंग्विन ही पेंग्विनांमधील सर्वांत लहान जात. इंग्रजीत तिला ‘लिटल पेंग्विन’ म्हणतात. उंची सुमारे ३३ सेंटिमीटर, वजन साधारण एक किलो. दिवसभर समुद्रात मासे पकडायचे आणि अंधार पडू लागला की गटागटाने वाळू ओलांडून बिळांकडे परतायचे, हा त्यांचा क्रम.

खरा स्वेटर पिसांचा

पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंना त्याहूनही बारीक उपतंतू असतात. पेंग्विनची पिसे आखूड, ताठ आणि कौलांसारखी एकावर एक बसलेली असतात. त्यांच्या बुडाशी मऊ लव असते. तंतूंमधील फटी इतक्या अरुंद असतात की पृष्ठताणामुळे पाणी आत शिरत नाही. आत कोंडलेली कोरडी हवा अंगाची ऊब राखते. शेपटीजवळच्या ग्रंथीतला तेलकट द्रव पक्षी चोचीने पिसांना लावतो. त्यामुळे पिसे चांगल्या स्थितीत राहतात, पण पाणी अडवण्याचे मुख्य काम पिसांची रचनाच करते.

जहाजातून सांडलेले तेल ही रचनाच बिघडवते. तंतू एकमेकांना चिकटतात, मध्ये मोठ्या फटी पडतात आणि पाणी थेट कातडीपर्यंत पोचते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून अंगठ्याच्या नखाएवढा तेलाचा डागही या छोट्या पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो.

लहान आकारामुळे धोका आणखी वाढतो. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १,००० घन सेंटिमीटर असते. बाजू दुप्पट केली तर हेच आकडे २,४०० आणि ८,००० होतात. म्हणजे मोठ्या घनात प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याला निम्मेच पृष्ठफळ येते. उष्णता पृष्ठभागातून जाते. त्यामुळे छोटा प्राणी मोठ्या प्राण्यापेक्षा लवकर गारठतो.

तेल लागलेला पक्षी चोचीने पिसे साफ करू लागतो आणि तेल पोटात जाते. त्याने आतडी, यकृत, मूत्रपिंडे यांना इजा होते, रक्तातील तांबड्या पेशीही नष्ट होतात. थकलेल्या पक्ष्याला लगेच धुता येत नाही. आधी त्याला थोडी ताकद यावी लागते. तेवढा काळ ऊब देणे आणि चोच तेलापर्यंत पोचू न देणे, ही स्वेटरची दोन कामे.

२००१ साली बेटाजवळ तेल सांडले, तेव्हा ४३८ पेंग्विनांना त्याची झळ पोचली. उपचारांनंतर त्यांतील सुमारे ९६ टक्के पक्षी वाचले.

मदत कोणाच्या गरजेची?

ही बातमी पसरली आणि जगभरातून स्वेटर येऊ लागले. गरजेपेक्षा कितीतरी अधिक आले. उरलेले स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकले जाऊ लागले आणि ते पैसे वन्यजीवांच्या कामी लावले गेले. दुसरीकडे, सर्वच बचावतज्ज्ञांना स्वेटर पसंत नाहीत. कपडा चढवताना हाताळल्याने रानटी पक्षी घाबरतो आणि कपड्यात त्याला जास्त उष्माही होऊ शकतो, म्हणून पक्षी उबदार खोलीत ठेवावेत, असे काहींचे मत आहे. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील संशोधकांनी वेगळाच मार्ग शोधला आहे. लोखंडाची बारीक पूड पिसांवर टाकली की ती तेल धरून ठेवते. मग चुंबकाने पूड आणि तेल दोन्ही ओढून घेता येते.

पण तेल न सांडताही पेंग्विन मरत होते. एके काळी बेटावर त्यांच्या दहा वसाहती होत्या. त्यांतली एकच उरली. कोल्हे, कुत्री, मोटारी आणि घरे ही त्यामागची कारणे होती. येथे स्वयंसेवकांचे एक कमी गाजलेले काम उपयोगी पडले. १९६८ पासून हौशी अभ्यासकांचा एक गट पेंग्विनांच्या नोंदी ठेवू लागला होता. अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय घट लक्षातही येत नाही. १९८५ साली सरकारने वसाहतीशेजारची घरे व भूखंड विकत घेऊन ती जमीन पेंग्विनांना परत देण्याचे ठरवले. हे काम २०१० मध्ये पुरे झाले. २०१७ साली बेट कोल्हेमुक्त जाहीर झाले. आज तेथे सुमारे ४०,००० प्रौढ पेंग्विन आहेत.

स्वेटर विणणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळे हा प्रश्न घराघरांत पोचला. मात्र जखमी प्राण्याला काय हवे हे त्याच्या शरीराकडे पाहून ठरवावे लागते, आणि तो जखमी का झाला हे शोधायला चिकाटीने नोंदी ठेवाव्या लागतात.

वर्गात करून पहा

कोंबडीची तीन स्वच्छ पिसे घ्या. पहिल्यावर पाण्याचा थेंब टाका आणि त्याचा आकार पहा. दुसऱ्याला खाद्यतेल चोळून पुन्हा थेंब टाका. तेच पीस कोमट साबणपाण्याने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा, वाळवा आणि परत तपासा. तिसऱ्या पिसाला तेल लावून त्यावर लोहकीस पसरा आणि कागदात गुंडाळलेला चुंबक जवळ न्या. किती तेल निघाले?

मग दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीभोवती कोरडा कापूस गुंडाळा, दुसरीभोवती ओला. दर पाच मिनिटांनी दोन्हींचे तापमान लिहा आणि आलेख काढा. त्यानंतर मुलांना पहिलाच प्रश्न परत विचारा : पेंग्विनला स्वेटर कशाला?