कारवीचे रान आणि फोर्साईथची गोळी

मीरा रोडच्या शांती नगराच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जे डोंगर पसरले आहेत, त्यांच्या उतारांवर कारवी अशी दाट माजते की तिच्या काठ्यांआड उभे असलेले भेकर वीस पावलांवरूनही दृष्टीस पडू नये. अशा गर्द झाडीत हरणावर कोणती बंदूक चालवावी, हा प्रश्न आज कायद्याने निकालात काढला आहे. तथापि दीड शतकापूर्वी तो किती गांभीर्याने चर्चिला गेला, याचे मला दीर्घकाळ कुतूहल वाटत आले, आणि त्याचा माग काढता काढता मी जेम्स फोर्साईथ या गोऱ्या अंमलदारापाशी येऊन थबकलो.

नागपूर ही ज्याची राजधानी, त्या मध्य प्रांताच्या जंगलखात्यात आणि पुढे निमाडच्या जमाबंदीच्या कामावर असलेल्या या गृहस्थाने १८६२ ते १८६४ या काळात अमरकंटकापर्यंतचा डोंगराळ मुलूख पायाखाली घातला. त्याचे प्रवासवर्णन १८७१ मध्ये, तो लंडनमध्ये ऐन तेहतिशीत निवर्तल्यानंतर प्रसिद्ध झाले व गाजले. मला मात्र त्याचे १८६३ चे, केवळ शिकारी रायफल व तिच्या गोळ्यांना वाहिलेले पुस्तक अधिक मोलाचे वाटते.

त्या काळी लष्करात लांबट, टोकदार गोळीचा जयजयकार चालू होता. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीच्या नळीतील खाचा ७८ इंचांत एक पूर्ण वेढा घेत आणि शेकडो वारांवरील शत्रूस गाठीत. फोर्साईथचा आक्षेप असा, की जंगलात जनावर बहुधा शंभर वारांच्या आतच भेटते. तेथे दूरच्या नेमापेक्षा गोळीचा मार्ग सपाट असणे आणि तिचा आघात जबर असणे अधिक अगत्याचे. लांबट गोळीमागे दारू बेताचीच घालावी लागत असल्याने तिचा मार्ग कमानदार होतो, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बार वाया जातो. म्हणून त्याने वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि शंभर इंचांहूनही अधिक लांबीत एकच वेढा घेणाऱ्या खाचा, अशी तजवीज सुचविली. कारण खाचांचा पीळ तीव्र असता जोरात सुटलेली वाटोळी गोळी त्यांत न वळता त्यांवरून घसरून जाते. अशा बंदुकीचे माप बोअरमध्ये सांगत; चौदा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या चौदा गोळ्या. अशी प्रत्येक गोळी सुमारे ३२ ग्रॅम वजनाची आणि अंगठ्याएवढ्या जाडीची.

पुढे एक्सप्रेस रायफली आल्या, धूरविरहित दारू आली, आणि फोर्साईथचा पक्ष मागे पडला. नंतरच्या काळात निवडीवर शिकाऱ्याइतकाच सरकारचाही हात राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० इंच नळीच्या रायफलींना हिंदुस्थानात मनाई झाली, कारण त्यांची गोळी लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांस उपयोगी पडून बंडखोरांच्या हाती जाईल अशी धास्ती होती. तेव्हा विलायतेतील कारागिरांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. .३०३ हे लष्करी काडतूस असल्याने तेही सामान्य परवानाधारकास वर्ज्य, आणि म्हणूनच इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल परवानेवाल्यांच्या घरोघरी दिसू लागली.

जाड, संथ गोळी झुडपे कापीत सरळ जाते, ही समजूत शिकाऱ्यांत सर्वत्र रूढ आहे. मला ती घातक वाटते. डहाळीचा धक्का लागताच लांबट गोळीचा अक्ष डळमळतो व ती भरकटते; वाटोळ्या गोळीस लांब अक्ष नसल्याने ती कोलांट्या घेत नाही, परंतु दिशा तिचीही ढळते आणि वेग तर हवेतच झपाट्याने सरतो. जनावर डहाळीच्या लगतच मागे असेल तर फरक थोडा पडेल. ते काही वार दूर असेल, तर छातीवर धरलेला नेम पोटात किंवा मांडीत उतरेल. जखमी हरीण मग जाळीत शिरते, रक्ताचा माग पाचोळ्यात हरवतो, आणि ते कोठेतरी तडफडून मरते. मोकळी फट मिळेपर्यंत चापावरचे बोट आवरणे, याहून श्रेष्ठ अशी कोणतीही रायफल दाट झाडीसाठी घडलेली नाही.

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७२ चा केंद्रीय कायदा त्याहून कडक ठरला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची तरतूदच रद्द झाली. हे उचित झाले, असे माझे ठाम मत आहे. एका आघातात जनावर पडावे, या निकषासाठी फोर्साईथने पुस्तकभर झगडा मांडला. कारवीच्या रानात तो निकष पाळण्याची हमी कोणतीच बंदूक देऊ शकत नाही, आणि ज्या कर्माची हमी देता येत नाही त्याचा परवानाही कोणास असू नये.